पिटुकलं इंजिन, मोठा भरवसा

यंत्रांच्या गोष्टी



या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. ते वाचलं आणि ठरवलेला विषय बाजूला ठेवून दिला. ती लिहिते :

"आमच्याकडे आजोबांची जुनी मारुती ८०० आहे. ती विकायची की ठेवायची यावरून घरात रोज वाद होतो. दादा म्हणतो, आठशे सीसीचं इंजिन म्हणजे खेळणंच. आजोबा म्हणतात, खेळणं का असेना, या खेळण्याने मला पंचवीस वर्षांत एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. एवढंसं इंजिन इतकी वर्षं टिकतं कसं? आणि दोघांपैकी बरोबर कोण?"

प्रश्न झकास आहे! आणि तो एकाच घरातला नाही बरं का. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली एका ग्राहकाच्या हाती दिली. जानेवारी २०१४ मध्ये शेवटची मारुती ८०० तयार झाली. मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तुमच्या घरी नसली तरी शेजारी, मामाकडे किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर तुम्ही ती पाहिलेली असणारच. तेव्हा आज तिचं बॉनेट उघडू या.

इंजिनाची पत्रिका

लग्न ठरवताना जशी पत्रिका बघतात, तशी गाडी घेताना माणसं इंजिनाची माहिती बघतात. मारुती ८०० च्या जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाची पत्रिका अशी :

कारखान्यातलं नाव : एफ-८-बी
सिलिंडर : ३, एका ओळीत
सिलिंडरचा व्यास : ६८.५ मि.मी.
पिस्टनची धाव : ७२ मि.मी.
क्षमता : ७९६ सीसी
झडपा : ६ (प्रत्येक सिलिंडरला दोन)
ताकद : सुमारे ३७ अश्वशक्ती, मिनिटाला ५००० फेऱ्यांवर
पीळ : सुमारे ५९ न्यूटन-मीटर, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर

आता हे आकडे घोकायचे नाहीत. ते काय बोलतात ते ऐकायचं.

आधी सीसी. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडर म्हणजे आपला गणितातला वृत्तचितीच. त्याच्या आत पिस्टन खाली-वर करतो. सगळ्यात वरच्या जागेपासून सगळ्यात खालच्या जागेपर्यंत जाताना तो जेवढी जागा मोकळी करतो, तिचं घनफळ म्हणजे त्या सिलिंडरची क्षमता. सूत्र तुम्हाला पाठ आहे : त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले उंची.

व्यास ६.८५ सें.मी., म्हणजे त्रिज्या ३.४२५ सें.मी. तिचा वर्ग ११.७३. त्याला ३.१४ ने गुणलं की ३६.८३. हे झालं पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ. उंचीच्या जागी धाव घ्या, ७.२ सें.मी. गुणाकार येतो साधारण २६५. असे तीन सिलिंडर. म्हणून २६५ गुणिले ३, म्हणजे ७९५. दशांश चिन्हापुढचे आकडे न टाकता केलंत तर ७९६! बघा, कंपनीने छापलेला आकडा तुम्ही वहीच्या कागदावर पडताळून पाहिलात.

२६५ घन सेंटिमीटर म्हणजे केवढं? चहाचे दोन-तीन छोटे कप भरतील एवढं. तेवढ्या जागेत पेट्रोलची वाफ आणि हवा पेटते आणि घरातल्या चार-पाच जणांना घाट चढवून नेते.

या इंजिनाचं माहेर जपानचं, सुझुकी कंपनीचं. त्या काळी जपानात सगळ्यात छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्ग होता आणि त्यातल्या इंजिनावर ५५० सीसीची मर्यादा होती. त्या वर्गासाठी सुझुकीने तीन सिलिंडरचं ५४३ सीसीचं इंजिन बनवलं होतं. आपलं ७९६ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरलं भावंड.

कुर्ल्याची पद्मिनी आणि गुडगावची मारुती

"पण आठशे म्हणजे फारच कमी!" हे दादाचं म्हणणं. १९८३ साली मोठी माणसंही हेच म्हणत होती. कारण तेव्हा रस्त्यावर मुख्यतः दोन गाड्या दिसायच्या. एक १४८९ सीसीची अँबेसेडर आणि दुसरी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आईबाबांना आठवणारी, तीच ही पद्मिनी.

आता एक गंमत पाहा. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. आणि धाव ७५ मि.मी. वरच्याच सूत्राने हिशेब केला तर एका सिलिंडरची क्षमता येते २७२ सीसी. मारुतीची किती होती? २६५. म्हणजे दोघींचे सिलिंडर जवळजवळ सारखेच! फरक एवढाच की पद्मिनीला चार आणि मारुतीला तीन.

एक सिलिंडर कमी, तरी ताकदीत फारसा फरक नाही. पद्मिनीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि मारुतीची सदतीस. पण खरी मेख वजनात आहे. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास आणि मारुती सुमारे साडेसहाशे किलो. आता प्रत्येक शंभर किलो वजनामागे किती अश्वशक्ती येते ते काढा. मारुतीची ५.७ आणि पद्मिनीची ४.४. म्हणजे छोट्या इंजिनाच्या पाठीवरचं दप्तरच हलकं होतं. हलकं दप्तर घेतलेला मुलगा जिना भराभर चढतो आणि धापही कमी टाकतो. तसंच हे.

मात्र दादाच्या बाजूनेही एक हिशेब मांडायला हवा. गाडीत चार मोठी माणसं बसली की साधारण २६० किलो वाढतात. साडेसहाशे अधिक दोनशे साठ म्हणजे नऊशे दहा किलो. म्हणजे भरलेली मारुती ही रिकाम्या पद्मिनीएवढी जड झाली! म्हणून एकटे आजोबा बाजारात जातात तेव्हा ती हरणासारखी पळते; आणि सगळं घर, बॅगा, वर एसी चालू अशी घाटात निघाली की दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते. दोघंही जे पाहतात तेच सांगतात. फक्त आजोबा रिकामी गाडी आठवतात आणि दादा भरलेली.

सेकंदाला सव्वाशे ठिणग्या

आता टिकण्याकडे वळू. इंजिनाला आत काय सोसावं लागतं ते कळल्याशिवाय "टिकलं" या शब्दाची किंमत कळायची नाही.

पेट्रोल इंजिनात चार पायऱ्या असतात. पिस्टन खाली जातो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. तो वर येतो, मिश्रण आठ-नऊ पट दाबलं जातं. ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. मग तो पुन्हा वर येतो आणि धूर बाहेर. या चार पायऱ्यांत क्रँक शाफ्ट दोन फेऱ्या फिरतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी.

मिनिटाला ५००० फेऱ्या होत असतील, तर एका सिलिंडरमध्ये २५०० ठिणग्या. तिन्हींत मिळून ७५००. साठने भागा. सेकंदाला १२५! तुम्ही "एक" म्हणेपर्यंत सव्वाशे छोटे भडके उडून गेले.

आणि पिस्टनची धावपळ? एका फेरीत तो ७२ मि.मी. खाली आणि ७२ मि.मी. वर जातो. ५००० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. बरं, सरळ धावायचं तर ठीक. पण याला मिनिटाला दहा हजार वेळा थांबून उलट फिरायचं असतं!

आता आच बघा. पेटलेल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. सिलिंडरवरचं झाकण, ज्याला मेकॅनिक "हेड" म्हणतात, ते ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग हेड वितळत का नाही? कारण प्रत्येक भडका क्षणभरच टिकतो, आणि हेडच्या पोटातून सतत पाणी खेळत असतं. ते पाणी उष्णता उचलून रेडिएटरकडे नेतं. शिवाय पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी. त्या फटीत ऑइलचा पातळसा थर असतो. धातूने धातूला थेट घासायचं नाही, हे त्या थराचं काम. पाणी आणि ऑइल ही दोन रखवालदारं आहेत. त्यातलं एक जरी झोपलं तरी काही मिनिटांत इंजिनाचं वाटोळं होतं.

आता एकूण हिशेब. समजा, गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला सरासरी २५००. एक लाख किलोमीटर जायला २५०० तास लागले, म्हणजे दीड लाख मिनिटं. त्याला २५०० ने गुणा. साडेसदतीस कोटी फेऱ्या! आजोबा जेव्हा "कधी रस्त्यात उभं केलं नाही" म्हणतात, तेव्हा ते असल्या कोट्यवधी फेऱ्यांबद्दल बोलत असतात.

भरवशाचं गणित

भरवसा हा शब्द मनाचा वाटतो, पण त्याचंही गणित असतं. ते सोपं आहे.

समजा, यंत्राचा एक भाग असा आहे की शंभरातले नव्व्याण्णव वर्षभर बिनतक्रार चालतात आणि एक दगा देतो. म्हणजे त्याचा भरवसा ०.९९. ऐकायला किती छान! आता यंत्रात असे दोन भाग आहेत आणि त्यातला कुठलाही बिघडला की यंत्र बंद. तर यंत्राचा भरवसा ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ०.९८. दहा भाग असतील तर दहा वेळा गुणा. उत्तर येतं ०.९०. आणि शंभर भाग असतील तर? कॅल्क्युलेटर घ्या आणि करूनच पाहा. उत्तर येईल ०.३७ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक भाग एवढा चांगला असूनही शंभर यंत्रांपैकी त्रेसष्ट यंत्रं वर्षभरात कधी ना कधी बंद पडणार!

आता प्रत्येक भाग आणखी काटेकोर बनवला, हजारात एकच बिघडेल असा. मग शंभर भागांचं यंत्रही ०.९० वर येतं. खऱ्या इंजिनात प्रत्येक भागाचा भरवसा वेगवेगळा असतो, त्यामुळे हिशेब याहून किचकट होतो. पण धडा तोच. भरवसा वाढवायचे रस्ते दोन : भाग कमी करा, किंवा प्रत्येक भाग जास्त अचूक करा. जमल्यास दोन्ही करा.

तीन सिलिंडरच्या इंजिनात चार सिलिंडरच्या मानाने एक पिस्टन कमी, त्याच्या रिंगा कमी, एक कनेक्टिंग रॉड कमी, दोन झडपा कमी, एक स्पार्क प्लग कमी. शिवाय पद्मिनीच्या इंजिनात झडपा उघडायला खालच्या कॅम शाफ्टवरून लांब दांड्या वर जात. मारुतीत कॅम शाफ्टच वर हेडमध्ये बसवला आणि तो दातेरी रबरी पट्ट्याने फिरवला. दांड्यांची भानगडच संपली. रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटारीवर ठेवला. पाणी तापलं की तो आपोआप सुरू होणार आणि गार झालं की थांबणार.

याची किंमतही मोजावी लागली. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थरथरतं. चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेरीला एक भडका होतो, तीनमध्ये दर दोन-तृतीयांश फेरीला. त्यामुळे धक्के जरा लांब लांब बसतात. वर दोन टोकांचे पिस्टन एकाच वेळी एकाच दिशेने जात नाहीत, म्हणून इंजिन सी-सॉसारखं डुलू पाहतं. ते रबरी बैठकीवर बसवलेलं असतं, तरी सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग हाताला गुदगुल्या करतं. ही थरथर म्हणजे दुखणं नव्हे, तो तीन सिलिंडरचा स्वभावच आहे. मात्र थरथर एकाएकी वाढली, तर एखादा प्लग ठिणगी देत नसेल. मग मेकॅनिककडे जायचं.

कमी मागितलं, म्हणून जास्त टिकलं

टिकण्याचं आणखी एक कारण पत्रिकेतच लपलंय. ७९६ सीसीतून ३७ अश्वशक्ती. हे फार आहे की थोडं?

तुलनेला शर्यतीची गाडी घेऊ. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनच्या शर्यतींत दीड लिटरची, म्हणजे १५०० सीसीची टर्बो इंजिनं होती. मारुतीच्या दुप्पटही नाहीत! पण पात्रता फेरीत काही संघ त्यांतून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढत. नवल आहे ना? पण त्या इंजिनांचं आयुष्य किती? असं पिळलेलं इंजिन थोड्याच फेऱ्यांत कामातून जाई. पात्रता फेरी झाली की ते काढायचं आणि शर्यतीसाठी दुसरं बसवायचं.

दोन्ही इंजिनं बनवणारे इंजिनिअर हुशारच. एकाला विचारलं होतं, "थोड्या वेळात जास्तीत जास्त किती काढशील?" दुसऱ्याला विचारलं, "रोज थोडं थोडं, पण किती वर्षं देशील?" प्रश्न वेगळा म्हणून उत्तर वेगळं. मारुतीच्या इंजिनाकडून अवाच्या सवा काम मागितलंच नव्हतं. पत्रिकेत पिळाची ओळ पुन्हा बघा. सगळ्यात जास्त पीळ २५०० फेऱ्यांनाच मिळतो. म्हणजे गावात, गर्दीत फिरताना इंजिनाला किंचाळायची गरजच पडत नाही.

तिसरं कारण इंजिनाच्या बाहेरचं आहे. ही गाडी इतकी पसरली की तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले, आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही हे इंजिन उघडता येऊ लागलं. जे सहज दुरुस्त होतं ते वेळेवर दुरुस्त होतं. आणि जे वेळेवर दुरुस्त होतं ते टिकतं.

दुखणी कोणती?

कौतुक पुष्कळ झालं. आता दुखणी.

पहिलं, गरम होणं. पाणी गळून कमी झालं किंवा पंखा सुरूच झाला नाही, तर ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकडं होतं. मग त्याखालचं गॅस्केट फुटतं, आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळतात. ऑइल दुधाळ चहासारखं दिसू लागलं की समजायचं, मोठं काम निघालं. म्हणून काटा लालकडे गेला की "घर आलंच आहे" असं म्हणत पुढे जायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. कुकरसारखंच! झाकण उघडताच दाब जातो, पाणी एकदम उकळतं आणि वाफेचा फवारा तोंडावर येतो. मोठी माणसं घाईने उघडायला लागली तर त्यांनाही थांबवा.

दुसरं दुखणं रबरी टायमिंग पट्ट्याचं. झडपा केव्हा उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या याची वेळ तो पाळतो. रबर म्हातारं होतं, गाडी चालली नाही तरीही. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. तुटायच्या आधी कुठलाही आवाज येईलच असं नाही. म्हणून ठरलेल्या मुदतीत तो बदलायचाच.

तिसरं, ऑइल. ऑइल जुनं झालं की काळं पडतं, त्यात कचरा साठतो आणि घसरवण्याची ताकद कमी होते. इंजिनात एक लांब पट्टी असते. ती काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का बघायचं. सगळा मिळून मिनिटभराचा उद्योग. तुमच्या आजोबांना विचारा, ते किती दिवसांनी ही पट्टी बघत आले. मला वाटतं, पंचवीस वर्षांच्या भरवशाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

भरवसा पुरेसा नसतो तेव्हा

मग इतकं भरवशाचं इंजिन बंद का झालं? ते बिघडत होतं म्हणून नव्हे. आपल्या फुप्फुसांमुळे!

कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा अंदाजाने मिसळतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण थोडं चुकलं तरी इंजिन कुरकुरत नाही, पण न जळलेलं पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड धुराड्यातून बाहेर पडतात. शहरात गाड्या वाढल्या तसा हा धूर छातीत बसू लागला.

१९९५ मध्ये चार महानगरांत शिसं नसलेलं पेट्रोल आलं. नव्या गाड्यांना धूर साफ करणारं उत्प्रेरकाचं नळकांडं बसवायला लागले होते, आणि शिशामुळे ते निकामी होतं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी युरोपसारखे धुराचे नियम लावायला सांगितले. २००० च्या सुमारास मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी एमपीएफआय आलं. आता छोटा संगणक हवा मोजून प्रत्येक सिलिंडरला तोलून पेट्रोल देऊ लागला.

एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत भारत स्टेज ४ हे आणखी कडक नियम लागू झाले. त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूरही होती. त्या शहरांत मारुती ८०० ची विक्री थांबली, आणि चार वर्षांनी उत्पादनही. पण घराणं संपलं नाही. सहाऐवजी बारा झडपांचं, तेवढ्याच ७९६ सीसीचं भावंड आल्टो गाडीत होतं. ते २०२३ पर्यंत नव्या गाड्यांत बसत राहिलं.

आणखी एक गोष्ट. इंजिनाचा भरवसा आणि गाडीची सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंजिन कधी बंद पडलं नाही, याचा अर्थ धडक झाली तर गाडी आतल्यांना वाचवेल असा होत नाही. आजोबांच्या गाडीत एअरबॅग नाही. नव्या गाड्यांत चालकासाठी ती २०१९ पासून सक्तीची झाली. वजन हलकं ठेवल्यामुळे इंजिन सुखी झालं, पण त्याच हलकेपणामुळे आतल्या माणसांभोवतीचं पोलादी कवचही हलकंच राहिलं.

मग बरोबर कोण?

मैत्रिणी, तुझे आजोबा आणि दादा एकमेकांशी भांडतायत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. "हे इंजिन भरवशाचं होतं का?" याला आजोबांचं उत्तर बरोबर. "सगळ्यांना घेऊन द्रुतगती मार्गावर लांब जायला ही गाडी योग्य आहे का?" याला दादाचं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर : इंजिन छोटं आहे म्हणून टिकत नाही, की मोठं आहे म्हणूनही नाही. झेपेल एवढंच काम दिलं, भाग थोडे आणि अचूक ठेवले, आणि कुणीतरी नेमाने पाणी-ऑइल बघितलं, की ते टिकतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी इंजिनिअरच्या हातात होत्या. तिसरी तुझ्या आजोबांच्या.

आता निर्णय घेताना "काल काय झालं" यावर विसंबू नका. सगळे मिळून मेकॅनिककडे जा आणि तपासून घ्या. तिन्ही सिलिंडरचा दाब मोजायला सांगा. तो जवळपास सारखा हवा. धुराचा रंग बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. टायमिंगचा पट्टा कधी बदलला ते विचारा. पीयूसी वेळेवर करा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते, तीही मुदत बघा.

सगळं ठीक निघालं, तर आजोबांना ती गावातल्या गावात, हळू, पट्टा बांधून खुशाल चालवू दे. लांबच्या प्रवासाला दुसरी सोय करा. आणि तपासणीत मोठं काही निघालं, तर मात्र आजोबांना समजावायची जबाबदारी दादाने घ्यायची नाही. ती तू घे. हे आकडे दाखवून समजाव. इतकी वर्षं साथ दिलेल्या वस्तूला "खेळणं" म्हटलं की कुणालाही लागतंच ना?

डोकं चालवा

१. एका लोकप्रिय मोटारसायकलच्या इंजिनाला एकच सिलिंडर आहे. व्यास ५० मि.मी., धाव ४९.५ मि.मी. तिची क्षमता किती सीसी?

२. मारुतीचं इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या फिरत असेल, तर तिन्ही सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला किती ठिणग्या पडतील?

३. घरातल्या कुठल्याही यंत्राचं, म्हणजे मिक्सर, पंखा, सायकल, शिलाई मशीन, माहितीपत्रक शोधा. त्यातला एक आकडा निवडा आणि तो काय सांगतो ते चार ओळींत लिहून पाठवा. चांगली पत्रं याच पानावर येतील.

(उत्तरं : १. सुमारे ९७ सीसी. २. साठ. पण आधी स्वतः करा हं, मगच इथे डोकवा!)